ऊन मोजणाऱ्या यंत्राची प्रकृती ओळखा : नागपूरच्या गच्चीवर पायरॅनोमीटर निवडणं, बसवणं आणि तपासणं

एप्रिलमधली गोष्ट. आदल्या संध्याकाळी वळवाची सर पडून गेली होती आणि आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. नागपुरातल्या एका कॉलेजच्या गच्चीवर मी सौर प्रकल्पाच्या नोंदी बघत होतो. दुपारी सव्वाबाराचा आकडा समोर आला : १,३६५ वॅट प्रति चौरस मीटर. वातावरणाच्या बाहेर, सूर्याला थेट सामोऱ्या असलेल्या एका चौरस मीटरवर सरासरी १,३६१ वॅट पडतात. म्हणजे त्या नोंदीप्रमाणे आमच्या गच्चीवर अवकाशापेक्षा जास्त ऊन पडत होतं.

यंत्र धडधाकट होतं. दीड महिन्यापूर्वी जुनं काढून नवं बसवलं होतं, पण नोंदी साठवणाऱ्या लॉगरमध्ये संवेदनशीलता, म्हणजे एका वॅट उन्हामागे यंत्र देतं ते व्होल्टेज, जुन्याचीच राहून गेली होती : ८.९ मायक्रोव्होल्ट प्रति वॅट. नव्या यंत्राच्या पट्टीवर १२.४ छापलेलं होतं. १२.४ ला ८.९ ने भागा, १.३९ येतात; लॉगर तितक्या पट ऊन जास्त दाखवत होता. खरं ऊन ९८० होतं. दीड महिना कुणीतरी रोज तो आलेख बघत होतं, पण उन्हाळा आहे, त्यात नागपूर आहे, म्हणून तो कुणालाच खटकला नाही.

२०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं, तेव्हाही असंच झालं होतं. आकडा देशभर फिरला आणि मग सेन्सरमध्ये दोष असल्याचा खुलासा हवामान खात्याने केला. नागपूरच्या उन्हाबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी आपल्याला ते पटतं. म्हणूनच इथे ऊन मोजणाऱ्याने आपलं यंत्र जास्त बारकाईने ओळखायला हवं. स्क्रीनवरचा आकडा एकट्या सूर्याचा नसतो. त्यात काचेचा घुमट, काळा थर, यंत्राच्या अंगाची उष्णता, बैठकीचा तोल आणि वायर या सगळ्यांचा वाटा मिसळलेला असतो. हे वाटे वेगळे कसे ओळखायचे, ते या लेखात क्रमाने सांगतो. छतावरच्या सौर प्रकल्पाची देखभाल करणारे, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि सोसायटीच्या प्रकल्पाचा हिशेब ठेवणारे, अशा सगळ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे.

यंत्राच्या आत काय असतं

पायरॅनोमीटर म्हणजे अख्ख्या आकाशातून एका सपाट पृष्ठभागावर येणारं ऊन मोजणारं यंत्र. थेट सूर्याचं, निळ्या आकाशाचं आणि ढगांवरून आलेलं, सगळं एकत्र. त्याच्या पोटात काळा थर दिलेली एक छोटी चकती असते. ऊन शोषून ती तापते. चकतीखाली थर्मोपाइल असतो, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या अनेक जोडांची माळ. जोडांची एक बाजू तापलेल्या चकतीला आणि दुसरी यंत्राच्या जाड धातूच्या अंगाला टेकलेली असते. दोन्हींच्या तापमानात जो फरक पडतो, त्याच्या प्रमाणात अगदी थोडं व्होल्टेज तयार होतं. बाहेरून वीज द्यावी लागत नाही.

म्हणजे हे यंत्र मुळात उन्हाऐवजी तापमानातला फरक मोजतं. एवढं पक्कं लक्षात ठेवा, कारण पुढच्या बहुतेक चुका इथूनच जन्म घेतात. चकतीला उन्हाखेरीज कशानेही उष्णता मिळाली किंवा तिची उष्णता कुठे गेली, तरी यंत्र तो फरक उन्हाच्याच नावावर लिहितं.

काचेचा घुमट त्यासाठीच असतो. तो वारा अडवतो आणि साधारण ०.३ ते ३ मायक्रॉन तरंगलांबीचं सौर प्रारण आत सोडतो. तापलेल्या वस्तूंमधून निघणारं लांब तरंगांचं प्रारण मात्र रोखतो. चांगल्या यंत्राला एकात एक असे दोन घुमट असतात. रात्री बाहेरचा घुमट उघड्या आकाशाकडे उष्णता फेकून गार होतो, तेव्हा आतला घुमट चकतीला त्या गारव्यापासून आडोसा देतो. अंगाभोवतीची पांढरी छत्री ऊन थेट अंगावर पडू देत नाही. सफाईच्या वेळी ती काढून ठेवली आणि परत लावायची राहिली, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. छत्रीशिवायचं यंत्र मे महिन्यात भरवशाचं राहत नाही.

दुसरा प्रकार सिलिकॉन सेन्सरचा. त्यात फोटोडायोड असतो किंवा सौर पॅनलसारखाच एक छोटा सेल असतो, ज्याला रेफरन्स सेल म्हणतात. प्रकाश पडला की थेट विद्युतप्रवाह सुरू होतो, तापण्याची वाट पाहावी लागत नाही. किंमत कमी आणि प्रतिसाद तत्काळ. मात्र त्याला साधारण ०.४ ते १.१ मायक्रॉनमधलंच ऊन दिसतं. बाकीचं ऊन त्याच्या हिशेबात येतं ते कॅलिब्रेशनच्या, म्हणजे संदर्भयंत्राशी ताडून काढलेल्या आकड्यातून, अंदाजाने.

थेट सूर्यबिंबाकडून येणारं ऊन वेगळं मोजायचं तर पायरहेलिओमीटर लागतो. ती एक अरुंद नळी असते, आकाशाचा फक्त ५ अंशांचा तुकडा पाहणारी, आणि ती दिवसभर सूर्यामागे फिरवावी लागते. गच्चीवरच्या प्रकल्पाला त्याची गरज नाही. जुन्या वेधशाळांमधला काचेचा गोळा आणि त्याखालची जळत जाणारी पट्टी तर अनेकांनी पाहिली असेल. ते यंत्र उन्हाचे तास सांगतं, ऊर्जा सांगत नाही.

भारतात हे मोजमाप मार्गी लावणाऱ्या अण्णा मणी यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. पुण्याच्या हवामान खात्यात काम करताना, १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. यंत्रं देशातच बनावीत आणि एकमेकांशी ताडून पाहिलेली असावीत, यासाठी त्यांनी अनेक वर्षं खर्ची घातली. भारतीय सौर प्रारणाच्या नोंदींचा त्यांचा ग्रंथ १९८० मध्ये आला.

पायरी १ : कशासाठी मोजायचं ते आधी ठरवा

घरावर ३ किलोवॅटचे पॅनल असतील तर पायरॅनोमीटर घेऊ नका. रोजचे युनिट लिहून ठेवा आणि शेजारच्या प्रकल्पाशी ताडून बघा, तेवढं पुरे. शाळा, दवाखाना, कारखाना यांच्या छतावरच्या ५०-१०० किलोवॅटच्या प्रकल्पाला चांगला रेफरन्स सेल किंवा बी वर्गाचा पायरॅनोमीटर योग्य (अचूकतेचे ए, बी, सी हे वर्ग पायरी २ मध्ये येतील). बँकेला किंवा गुंतवणूकदाराला उत्पादनाची हमी द्यायची असेल, तर ए वर्गाला पर्याय नाही.

फरक किती पडतो, ते एका हिशेबात दिसेल. १० किलोवॅटचा प्रकल्प आहे. पॅनलच्या उतारावर दिवसभरात ५.५ युनिट प्रति चौरस मीटर ऊन पडलं. आदर्श उत्पादन झालं ५५ युनिट. मीटरवर आले ४२. कार्यक्षमतेचं गुणोत्तर ७६ टक्के, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. आता यंत्र ५ टक्के कमी दाखवत असेल तर ऊन ५.२२ दिसेल आणि तेच गुणोत्तर ८० टक्क्यांवर जाईल. तुम्ही समाधानाने घरी जाल आणि एखादी स्ट्रिंग, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पॅनलची रांग, महिनोन्‌महिने बंद पडून राहील.

पायरी २ : माहितीपत्रक गुणधर्मांनुसार वाचा

आयएसओ ९०६० हे या यंत्रांच्या वर्गवारीचं आंतरराष्ट्रीय मानक. २०१८ च्या सुधारणेपासून वर्गांची नावं ए, बी, सी आहेत. आधी ती सेकंडरी स्टँडर्ड, फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लास अशी होती, आणि या जुन्या नावांनी भलेभले फसतात. ‘फर्स्ट क्लास’ हा मधला दर्जा होता, सर्वांत वरचा नव्हे. जुन्या साठ्यातलं यंत्र ‘फर्स्ट क्लास आहे साहेब’ म्हणून कुणी पुढे केलं, तर ते ढोबळमानाने आजच्या बी वर्गातलं समजा.

*तापमानाचा परिणाम.* नागपूरकराने माहितीपत्रकात सगळ्यात आधी हे बघावं. ए वर्गात १ टक्का, बी मध्ये २ आणि सी मध्ये ४ टक्के चूक चालते. ऐकायला छान वाटतं, पण मानकातली ही हमी उणे १० ते ४० अंश या टप्प्यापुरतीच आहे. आपल्याकडे एप्रिलच्या मध्यापासून पारा ४० च्या वर जातो, मे महिन्यात ४५ ला टेकतो, आणि तापलेल्या स्लॅबवर ठेवलेल्या यंत्राचं अंग हवेहूनही गरम असतं. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त ऊन ज्या दिवसांत पडतं, त्याच दिवसांत आपण हमीच्या बाहेर असतो. म्हणून विक्रेत्याला वर्ग विचारून थांबू नका. ५० आणि ६० अंशांपर्यंतचा चाचणी-आलेख मागा. काही यंत्रांच्या आत तापमानाचा सेन्सर असतो आणि यंत्र स्वतःच दुरुस्ती करून आकडा देतं. नागपुरात त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी मी ते देईन. सिलिकॉन सेन्सरमध्ये दुरुस्तीची सोय नसेल, तर दर अंशामागे ०.१ टक्क्याच्या आसपास फरक पडू शकतो. कॅलिब्रेशन २५ अंशांवर झालेलं आणि सेन्सर ६० वर, म्हणजे साडेतीन टक्के तिथेच गेले.

*दिशेचा परिणाम.* ऊन तिरपं पडू लागलं की त्याची तीव्रता कोनाच्या कोसाइनप्रमाणे घटते. यंत्राने ती तशीच घटलेली दाखवायला हवी. घुमटातला सूक्ष्म दोष, चकतीचा किंचित कल, काळ्या थराचा कमी-जास्तपणा यामुळे तसं होत नाही. इथली चूक टक्क्यांत दिलेली नसते, वॅटमध्ये असते : ए वर्गाला १०, बी ला २० आणि सी ला ३०, तेही १,००० वॅटच्या थेट किरणासाठी. हे नीट समजून घ्या. सूर्य डोक्यावर असताना १,००० मध्ये १० म्हणजे एकच टक्का. पण डिसेंबरच्या सकाळी सूर्य क्षितिजापासून १० अंशच वर असेल, तर त्याच किरणाचे सपाट पृष्ठभागावर जेमतेम १७४ वॅट पडतात. त्यात १० वॅट म्हणजे जवळपास ६ टक्के. सी वर्गाचं यंत्र असेल तर १७ टक्के. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांवर कुठलाही निष्कर्ष काढण्याआधी हे आठवा.

*शून्याची घसरण.* थंडीतल्या निरभ्र रात्री घुमट आकाशाकडे उष्णता फेकतो, चकती घुमटाकडे फेकते, आणि यंत्र उणे २, उणे ४ असे आकडे दाखवतं. मानकाने यासाठी ए वर्गाला ७, बी ला १५ आणि सी ला ३० वॅटची मर्यादा घातली आहे. हा रात्रीचाच प्रश्न आहे असं समजू नका. दिवसाही घुमटाची उष्णता आकाशाकडे जात असते, फक्त उन्हाच्या मोठ्या आकड्यात ती झाकली जाते.

*वर्णपटाचा परिणाम.* थर्मोपाइलला उन्हाचे जवळजवळ सगळे रंग सारखे, त्यामुळे त्याच्या बाबतीत फार चिंता नाही. सिलिकॉनची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात हवेतली वाफ आणि ढग अवरक्त भागातलं बरंच ऊन शोषून घेतात. सिलिकॉनला तो भाग मुळातच दिसत नाही, त्यामुळे तो कमी झाल्याचं त्याला कळत नाही आणि ढगाळ दिवशी तो थोडं जास्त दाखवतो. जुलै-ऑगस्टमध्ये दोन प्रकारच्या सेन्सरचे आकडे जुळले नाहीत, तर लगेच कुणाला दोष देऊ नका.

*प्रतिसादाचा वेळ.* अंतिम आकड्याच्या ९५ टक्क्यांपर्यंत पोहोचायला ए वर्गाला १०, बी ला २० आणि सी ला ३० सेकंदांपर्यंत मुभा आहे. निरभ्र दिवशी याने काही बिघडत नाही. ढगांच्या धावपळीत बिघडतं.

*दरसालची घसरण.* काळा थर उन्हाने फिका पडत जातो. ए वर्गाला वर्षाला ०.८ टक्के, बी ला १.५, सी ला ३ टक्के बदल माफ. रेषीयता आणि कलाचा परिणाम हेही गुणधर्म यादीत असतात, पण ए आणि बी वर्गात ते इतके लहान असतात की गच्चीवर त्यांची काळजी करत बसू नये.

पायरी ३ : जागा आणि बैठक

आजूबाजूचं काहीही यंत्राच्या क्षितिजावर ५ अंशांपेक्षा वर येऊ नये. सोपा आडाखा असा : पाण्याची टाकी यंत्रापेक्षा २ मीटर उंच असेल, तर यंत्र किमान २० मीटर दूर हवं, जमलं तर थोडं जास्तच. इतकी मोठी गच्ची सहसा नसते. मग अडथळे उत्तरेला येतील अशी जागा निवडा, तिथे सावलीचा त्रास सगळ्यात कमी. चकाकणारे नवे पत्रे, चुना मारलेली भिंत किंवा पांढरी टाकी शेजारी नको. त्यांच्यावरून उडणारं ऊन यंत्र इमाने इतबारे मोजतं.

सपाट बसवायच्या यंत्राच्या अंगावर बुडबुड्याची लेव्हल असते. बुडबुडा वर्तुळात ‘जवळपास’ असून भागत नाही, तो बरोबर मध्यभागी हवा. १ अंशाचा कल दिसतही नाही, पण सूर्य ४५ अंशांवर असताना तो थेट उन्हाच्या मोजमापात पावणेदोन टक्क्यांची चूक घालतो, ३० अंशांवर असताना ३ टक्क्यांची. बैठकीचे स्क्रू घट्ट केल्यानंतर बुडबुडा पुन्हा बघा. आवळताना तो सरकतो, दर वेळी सरकतो. वायर निघते ती बाजू उत्तरेकडे ठेवा, म्हणजे जोडणीवर कमी ऊन पडेल.

पॅनलच्या उतारावर बसवायचं यंत्र पॅनलच्या प्रतलात हवं, तिथे बुडबुडा कामाचा नाही. अंश दाखवणारी डिजिटल पट्टी आधी पॅनलच्या काचेवर ठेवा, मग यंत्राच्या पाटावर. दोन्ही आकडे जुळवा, आणि दिशाही तीच ठेवा. पॅनल खरोखर दक्षिणेकडे आहेत का, ते तपासायला होकायंत्र नको. लोखंडी सळ्यांनी भरलेल्या स्लॅबवर ते भरकटतं. ओळंबा घ्या. नागपूर ७९.१ पूर्व रेखांशावर आहे आणि आपली घड्याळं ८२.५ वर चालतात. त्यामुळे इथली खरी दुपार सरासरी १२ वाजून १४ मिनिटांनी होते. एप्रिलच्या मध्यावर ती बरोबर याच वेळी असते, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२ वाजून २८ मिनिटांपर्यंत लांबते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११ वाजून ५७ मिनिटांवर येते. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली जमिनीवर खडूने आखून घ्या. ती उत्तर-दक्षिण रेषा आहे, गवंड्याच्या गुण्याइतकी भरवशाची.

पायरी ४ : वायर आणि लॉगर

थर्मोपाइलचं व्होल्टेज फार बारीक असतं. १ वॅटला १० मायक्रोव्होल्ट धरा. भर दुपारी १,००० वॅटला फक्त १० मिलिव्होल्ट. एका कारखान्यात हे यंत्र ० ते ५ व्होल्टच्या, १२ बिटच्या साध्या कार्डाला जोडलेलं होतं. ते कार्ड ५ व्होल्टचे ४,०९६ भाग करतं, म्हणजे एक भाग १.२२ मिलिव्होल्टचा, उन्हात सांगायचं तर १२२ वॅटचा. दिवसभराचा आलेख आठ-नऊ पायऱ्यांच्या जिन्यासारखा दिसत होता. यंत्र ए वर्गाचं होतं, महागडं होतं, आणि त्याची सगळी अचूकता त्या कार्डावर वाया जात होती. मिलिव्होल्टचा टप्पा असलेला लॉगर घ्या, किंवा आरएस-४८५ या डिजिटल जोडणीवर थेट आकडा देणारं यंत्र घ्या. वायर शील्डची, म्हणजे धातूचं आवरण असलेली हवी, आणि त्या शील्डला एकाच टोकाला अर्थिंग द्यायचं. एसी विजेच्या केबलबरोबर एकाच पाइपमधून नेऊ नका.

प्रत्येक यंत्राची संवेदनशीलता वेगळी असते, एकाच कारखान्यातल्या, एकाच खोक्यातल्या दोन यंत्रांचीही. पट्टीवरचा आकडा लॉगरमध्ये भरा, मोबाइलवर दोन्हींचा फोटो काढा आणि फाइलला लावा. सुरुवातीला सांगितलेला घोळ एवढ्या एका फोटोने टळला असता.

नोंद दर सेकंदाला घ्या आणि मिनिटाची सरासरी साठवा. पावसाळ्यात ढग फुटताना त्याच्या पांढऱ्या कडेवरून परतलेलं ऊन थेट उन्हात मिळतं आणि काही सेकंद आकडा १,२०० च्या वर जाऊ शकतो. ते खरं असतं. निरभ्र आकाशात अर्धा तास तसाच राहिला, तर मात्र खोटं.

पायरी ५ : चार तपासण्या, विकत काही न आणता

पहिली रात्रीची. डिसेंबर-जानेवारीतल्या स्वच्छ रात्री २ वाजताचा आकडा बघा. थर्मोपाइल असेल तर तो थोडा उणे हवा. बरोबर शून्य दिसत असेल तर शंका घ्या : लॉगरने उणे आकडे कापून टाकलेले असू शकतात, आणि मग यंत्राच्या प्रकृतीची ती खूण तुम्हाला कधीच दिसणार नाही. अधिक १५ वगैरे दिसलं तर वायर किंवा अर्थिंग तपासा. सिलिकॉन सेन्सरला शून्य दाखवायला हरकत नाही.

दुसरी झाकणाची. स्वच्छ दुपारी घुमटावर अपारदर्शक डबा पालथा घाला आणि सेकंद मोजा. ९०० चा आकडा ४५ च्या खाली यायला जो वेळ लागतो, तो माहितीपत्रकातल्या वेळेशी जुळायला हवा. डबा सावलीतून आणलेला, गार असावा. उन्हात पडलेला स्टीलचा डबा घुमटालाच शेक देतो आणि आकडा शून्याकडे जायला कुरकुर करतो.

तिसरी तपासणी माझ्या सगळ्यात आवडीची, कारण ती कल पकडून देते. निरभ्र दिवसाचा आलेख घ्या आणि खऱ्या दुपारच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावरचे आकडे ताडून बघा. खरी दुपार १२ वाजून १४ मिनिटांनी असेल तर ९:१४ आणि ३:१४, मग ८:४४ आणि ३:४४. हे जवळजवळ सारखे हवेत. सकाळचे आकडे रोज ठरावीक जास्त आणि दुपारनंतरचे कमी येत असतील, तर यंत्र पूर्वेला झुकलं आहे. १ अंशाचा झुकाव असेल तर सूर्य ३० अंशांवर असताना दोन्ही बाजूंत ६ टक्क्यांपर्यंत तफावत दिसते. ही तपासणी नोव्हेंबर ते जानेवारीत करा. मे महिन्यात दुपारनंतर धूळ चढते, मग दोष यंत्राचा की हवेचा ते कळत नाही. हिवाळ्यात खरी दुपार रोज थोडी सरकते, ते ओळंब्यावरून ठरवा.

चौथी मल्टिमीटरची. यंत्र झाकून वायरच्या दोन टोकांमधला रोध मोजा, टोकं उलटवून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या. माहितीपत्रकातल्या आकड्याच्या आसपास आला तर ठीक. अनंत आला तर वायर तुटली आहे. न झाकता मोजलं तर यंत्राचं स्वतःचं व्होल्टेज मध्ये येऊन आकडा फसवतो.

पायरी ६ : निगा

नागपूरची धूळ एकाच जातीची नाही. उन्हाळ्यात मातीची असते, उत्तरेला कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला कोळशाची आणि राखेचीही. आठवड्यातून एकदा सकाळी लवकर, घुमट गार असताना, डिस्टिल्ड पाण्याने भिजवलेल्या मऊ सुती कापडाने पुसा. कोरडं पुसू नका, राखेचे कण काचेवर ओरखडे काढतात. बोअरचं पाणी तर नकोच. त्यातल्या क्षारांचा पांढरा थर बसला की तो जाता जात नाही.

महिन्यातून एकदा मात्र ही सफाई स्वच्छ आकाशाखाली भर दुपारी, पटकन करा आणि पुसण्याआधीचा व नंतरचा आकडा वहीत लिहा. समजा ९१० चे ९३५ झाले. म्हणजे घुमटावरच्या धुळीने जवळपास ३ टक्के ऊन अडवलं होतं. आता पॅनलकडे बघा. यंत्र आणि पॅनल दोन्ही सारखेच मळले, तर गुणोत्तर सुंदर दिसतं आणि उत्पादन निमूटपणे घटत जातं. म्हणून यंत्र स्वच्छ आणि पॅनल मळलेले, असा फरक मुद्दाम दिसू द्यायचा असतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, सिलिका जेल बघा. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी दाणे रंग सोडून हिरवट दिसू लागले, तर बदला. काही नव्या यंत्रांत ते आत बंद असतं, तिथे हात लावायचा नाही. ऑगस्टमध्ये सकाळी घुमटाच्या आतल्या बाजूला दव दिसलं, तर सील गेलं आहे. अशा यंत्राचे आकडे त्या दिवसापासून हिशेबात धरू नका आणि ते दुरुस्तीला पाठवा.

पायरी ७ : कॅलिब्रेशन

दर दोन वर्षांनी. ए वर्गातही दोन वर्षांत दीड टक्क्याहून अधिक घसरण मान्य आहे, यावरून हा काळ का ते समजेल. रीत साधी आहे : ताडून पाहिलेलं संदर्भयंत्र आणि आपलं यंत्र शेजारी शेजारी, स्वच्छ आकाशाखाली, एकाच वेळी. त्या संदर्भयंत्राची साखळी मागे जात जात स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसच्या जागतिक प्रारण केंद्रापर्यंत पोहोचते. तिथे दर पाच वर्षांनी देशोदेशीची यंत्रं एकत्र आणून ताडून पाहिली जातात. भारतात पुण्याला हवामान खात्याकडे आणि चेन्नईला राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेकडे ही सोय आहे. प्रमाणपत्रावर आलेला नवा आकडा त्याच दिवशी लॉगरमध्ये भरा. जुनी नोंद पुसू नका, तारीख टाकून शेजारी लिहा.

नवतप्यातली संधी

नागपूर २१.१ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो : २६ मेच्या सुमारास आणि १७ जुलैच्या सुमारास. जुलैत बहुधा ढग असतात. २६ मे मात्र नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत येतो आणि आकाश बहुतेक वेळा मोकळं असतं. त्या दिवशी १२ वाजून ११ मिनिटांनी ऊन सपाट यंत्रावर सरळ काटकोनात पडतं आणि दिशेची चूक वर्षातली सगळ्यात कमी असते. सपाट बसवलेल्या दोन यंत्रांमध्ये त्या क्षणी फरक दिसला, तर तो संवेदनशीलतेचा, तापमानाचा किंवा धुळीचा. दिशेचा नाही.

११ वाजता दुपट्टा बांधून गच्चीवर जा, पाण्याची बाटली बरोबर असू द्या. घुमट पुसा, बुडबुडा बघा, शेजारी ओळंबा टांगा. ११:५० पासून १२:३० पर्यंत दर पाच मिनिटांनी आकडा, हवेचं तापमान आणि आकाशाची अवस्था वहीत लिहा. ओळंब्याची सावली लंबकाखाली गडप झाली की त्या ओळीला खूण करा. पुढच्या वर्षी त्याच दिवशी, त्याच वेळी पुन्हा वर या आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा.